सुतकातला फवारा

झुंबर बागेला औषध मारता मारता वेलींच्या ओळीतच आडवा झाला. नाशिकच्या दवाखान्यातून तांबडे डोळे घेऊन तो घरी आला, त्या दिवशी नवसाबाईनं उरलेल्या बाटल्या दुकानदाराला परत नेऊन दिल्या. "पैसे देऊ नका, पण या माझ्या घरात नको," म्हणाली. दुकानदाराला असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असेल. फवाऱ्याचा पंप गोठ्यात गेला आणि कोंबडी त्याच्या आडोशाला अंडी घालू लागली.

दिंडोरीकडं तेव्हा जो तो द्राक्षं परदेशी धाडायच्या नादाला लागलेला. नाशिकची एक कंपनी म्हणत होती, तीन वर्षं बाग विषाविना सांभाळा, आमच्या मॅडम दर सालाला येऊन तपासतील, मग सेंद्रियचा दाखला आणि माल थेट आगबोटीत. झुंबर म्हणाला, "आगबोटीचं मला कौतुक नाय. दाखला भिंतीवर लागला, का परत बाटली हातात घे म्हणायची कुणाची छाती होणार नाय."

तेव्हापासून दोघं नवराबायको शेणकाला कालवायची, मोरचूद-चुन्याचं पाणी वेगळ्या पंपानं मारायची, रोगट पानं हातानं खुडायची. माल निम्म्यावर आला. बांधाला बांध लागून भिमाजीची बाग. त्याला तर रोजची करमणूकच झाली.

"वहिनी, द्राक्षं गोड लागतात का गोमूत्राची?"

"तुम्ही तोंड खुपसून बघा ना एकदा गव्हाणीत," नवसाबाई म्हणायची, आणि भिमाजी खो खो हसायचा. माणूस वाईट नव्हता. तेच तर पुढं नडलं.

तिसऱ्या सालची छाटणी झाली, घड बाहेर पडले, आणि झुंबर गेला. झोपेतच गेला. विषानं गेला म्हणावं तर डॉक्टर नाही म्हणत होता, आणि नाही म्हणावं तर नवसाबाईचं मन ऐकत नव्हतं.

त्या गावची रीत अशी, की सुतकाच्या घरानं शेतात पाय टाकायचा नाही. भावकीलाही सुतक, म्हणून बांधकऱ्यानं त्या घराची शेती बघायची. दुखवट्याच्या घरची बाग वाया गेली तर सगळ्या गावाला कमीपणा. त्यात त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. द्राक्षवाल्याला असलं आभाळ दिसलं का घास गिळत नाही, वेलीवर डावणी रोग हमखास येतो. नवसाबाई भिंतीला टेकून बसलेली, बायका गळ्यात पडून रडत होत्या, आणि तिकडं भिमाजीनं आपली बाग उरकून आपलाच पंप, आपल्याच खर्चाचं औषध झुंबरच्या बागेवर मारलं. एकदा नाही, आभाळ निवळेपर्यंत मारलं.

सुतक फिटल्यावर ती बागेत गेली. पानं कशी तेल लावल्यासारखी. रोगाचा ठिपका नाही. आणि तो वास. तो तिला सांगावा लागत नव्हता, संसारभर तिनं त्या वासाचे सदरे धुतले होते.

"एक पान जाऊ दिलं नाय वहिनी," भिमाजी बांधावरून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "झुंबर माझ्या भावासारखा."

"लय उपकार झाले भाऊजी," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? जीव ओतून कुणी घर बुडवलं, तर भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

तिनं मनाशी ठरवलं, गप्प बसायचं. पानं काय बोलतात? झुंबरचा दाखला भिंतीवर लागू दे, मग देवाला काय ते उत्तर देऊ.

मॅडम आल्या. चहा झाला. "सुतकात बाग कुणी सांभाळली मावशी?" त्यांनी विचारलं. नवसाबाईच्या ओठावर खोटं आलंच होतं, तेवढ्यात गाडी बघून भिमाजी टोपी सारखी करत हजर.

"मी सांभाळली. भारीतलं औषध मारलं मॅडम, माझ्या बागेला मारतो तेच. नायतर आज इथं सरपण दिसलं असतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, आता पहिल्यापासून. परत तीन वर्षं."

"म्हंजी?" भिमाजी एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिला. "बाग जगवली हे चुकलं का माझं?"

नवसाबाईनं त्याच्यापुढं चहाची कपबशी सरकवली.

त्या साली तिची द्राक्षं भिमाजीच्याच मालाबरोबर एका ट्रकात भरून गेली. ती पुन्हा शेणकाला कालवायला लागली, एकटीच. भिमाजीनं थट्टा सोडली होती. थट्टा होती तेव्हा बरं होतं, असं तिला वाटायचं.

नव्या तीन वर्षांतल्या दुसऱ्या सालच्या छाटणीनंतर भिमाजीची आई, सिंधुबाई, गेली. भिमाजी सुतकात बसला. आणि आभाळ भरून आलं, जसं काही कुणी बोलावून आणलेलं.

बांधकरी म्हणजे आता नवसाबाई. मनात आलं, आपणही त्याच्या बागेला शेणकालाच मारावा. रीतही पाळली जाईल आणि फेडही होईल. त्या विचारानं तिला किती महिन्यांनी हसू आलं. पण त्या वेलींना त्या बाटलीचीच सवय, शेणकाल्यानं त्या तगल्या नसत्या. गडी लावता आला असता. पण ज्या फवाऱ्यानं झुंबर पडला, तो दुसऱ्या बाईच्या नवऱ्याच्या पाठीवर कसा चढवायचा?

तिनं भिमाजीच्या शेडमधून बाटली काढली, पंप भरला, तोंडाला पदर गुंडाळला आणि ओळीत शिरली. वारा तिच्याच बागेकडं वाहत होता. पांढरं धुकं बांध ओलांडून आपल्या वेलींवर बसताना ती बघत होती, आणि हात काही थांबवता येत नव्हता. भिमाजीचं एक पान जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी तिनं दोनदा अंग धुतलं. वास केसातून जाईना, झुंबरच्या सदऱ्याला यायचा तोच. मग ती फाट्यावरच्या एक रुपयाच्या फोनपाशी गेली आणि मॅडमना म्हणाली, "यंदा येऊ नका."

"का हो मावशी? आता एकच वर्ष राहिलं."

"औषध पडलं. ह्या बारीला मीच मारलं."

घरी आल्यावर तिनं आपल्या बागेसाठी गोठ्यातून झुंबरचा जुना औषधाचा पंप ओढून काढला. कोंबडी अंड्यावरून उठायला तयार नव्हती. तिला हुसकून लावली.