मुंबईचे व्याही येणार होते

माणसं बागेत फिरायले येतात ती पोट कमी करायले. आमच्या शंकर नगरच्या बागेत पोट कोणाचंच कमी झालं नाही, किस्से तेवढे वाढत गेले. सकाळी दोन चकरा मारायच्या आणि मग गेटवरच्या टपरीवर तासभर चहा पीत बसायचं, तर दुसरं होणार तरी काय? या वर्षीचे सगळे किस्से एकट्या रामटेके भाऊच्या नावावर आहेत.

भाऊ उरला या कारखान्यांच्या भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण पोटासाठी इकडं हिंदी मुलखात आलेले. त्यांची पोट्टी पल्लवी पुण्यात नोकरीले, आणि तिथंच तिनं मुंबईचा एक मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, भाऊले तर मनापासून आवडला. पण पल्लवीनं बापाले आधीच बजावून ठेवलं होतं, "पापा, देने-लेने की बात निकली, तो मैं खुद मना कर दूँगी."

स्थळ हातचं जाऊ नये, म्हणून भाऊची झोप उडाली.

"व्याह्यासोबत बोलायचं तरी काय, यार? मी तर समुद्रही नाही पाहिला," ते म्हणाले. आणि खात्याच्या परीक्षेले बसल्यासारखे मोबाइलवर मुंबईचा इतिहास वाचू लागले.

*

पहिल्याच हप्त्यात त्यांनी घरी सांगितलं, की मुंबई म्हणजे आधी सात बेटं होती. मधली खाडी दगडमाती टाकून बुजवली, तेव्हा कुठं एक शहर झालं.

शोभा वहिनींच्या हातातलं लाटणं थांबलं. "म्हणजे आपली पोट्टी भरावाच्या जमिनीवर राहीन?"

"अवं, त्याले लय जमाना झाला."

"आपल्या पाऱ्या-मोहल्ल्यातला तलाव बुजवून प्लॉट पाडले, त्यालेही जमानाच झाला. तरी मागच्या पावसाळ्यात तिथल्या सोनी भैयाच्या किचनमध्ये मासोळ्या निघाल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी होणाऱ्या जावयाले फोन लावला. तब्येत नाही, नोकरी नाही, सरळ विचारलं, "बेटा, तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे?"

तो म्हणाला सातव्या. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

*

मग भाऊ बंदरावर अडकले. "शहर मोठं झालं ते बंदरामुळं, असं लिहून आहे. बाहेर वादळ असलं तरी जहाज आत निवांत उभं राहते म्हणे. पण मले काही डोळ्यासमोर नाही येऊन राहिलं."

आमच्यातले देशकर ट्रान्सपोर्टवाले. ते म्हणाले, "बंदर पाहायचं? बसा गाडीत."

आम्हाले घेऊन ते कंटेनर डेपोवर गेले. इथं माल भरून सील करतात, मग रेल्वेनं तो बंदरावर जाते. एकावर एक रचलेले लाल-निळे कंटेनर पाहून भाऊ हरखून गेले. फाटकाले धरून उभेच. तेवढ्यात गार्ड आला.

"क्या देख रहे हो, चाचा?"

"बंबई का बंदरगाह."

गार्डनं एकदा भाऊकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. म्हणाला, "वो आगे पड़ेगा. गाड़ी में तेल डलवा लेना."

*

एक दिवस भाऊ टपरीवर आले ते भारावूनच. म्हणे, सुरुवातीले तिथं कोळ्यांची वस्ती आणि दलदल, बाहेरचा माणूस तापानंच मरायचा. मग इंग्रजांच्या कंपनीनं सांगून टाकलं, या, कोणत्याही धर्माचे या, तुम्हाले कोणी त्रास नाही देणार. विणकर आले, सोनार आले, पारशी आले, गुजराती आले.

"त्या शहराचा स्वभावच तसा आहे," भाऊ म्हणाले. "जात-पात नाही विचारत, काम काय येते ते विचारते."

"मग आपल्या उरल्यासारखंच झालं," देशकर म्हणाले. "बिहारी, ओडिया, तेलुगू आणि आपण."

भाऊनं बराच विचार केला. "हव. फक्त समुद्राच्या जागी धूळ आहे."

*

पाहुण्यांची तारीख ठरली तसा मी नियम घातला. त्यांच्यासमोर इतिहास बंद. मुंबईच्या माणसाले मुंबई सांगायची नाही. भाऊनं शपथ घेतली. तरी आम्ही रिहर्सल केली. देशकर व्याही झाले, बाकावर बसले.

"प्रवास कसा झाला?" भाऊनं विचारलं.

"छान झाला."

"रेल्वेनंच आले न? देशातली पहिली गाडी तुमच्याच इकडून…"

देशकर उठले, चप्पल घातली आणि चालू पडले. "स्थळ मोडलं," ते जाता जाता म्हणाले.

*

पाहुणे आले ते रविवारी, समता कॉलोनीत, भाऊच्या घरी. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. वडील गोदीतून रिटायर झालेले, बोलणं कमी. आत्या दोघांच्या वाटचं बोलत होत्या. वहिनींनी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला गरम फरा वाढला, पाहुण्यांनी परत मागून घेतला. भाऊनं शब्द पाळला होता. हवापाणी, गुडघे, भाजीपाला, याच्या बाहेर गेले नाहीत. भाऊच्या बाजूले बसून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

पुण्याहून आलेली पल्लवी चहा घेऊन आली आणि आत्या म्हणाल्या, "आमचं मागणं काही नाही हो. पण लोक विचारतातच, मुलीकडच्यांनी काय दिलं. आणि मुंबईत जागा केवढीशी असते, तुम्हाला माहीतच आहे. एखादी खोली जास्तीची झाली, तर तुमच्याच मुलीला सुख."

पल्लवीनं ट्रे खाली ठेवला. मुलाची मान खाली. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, जसं काही मीच आता काही करणार होतो. पल्लवी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ बोलले.

"आत्याबाई, एका नवरदेवाले लग्नात मुंबईच भेटली होती."

मी डोळे मिटून घेतले. गेलं, म्हटलं.

"इंग्रजांच्या राजाले. राणीच्या माहेरच्यांनी दिली. देताना त्यांच्याच तिथल्या माणसांनी किती बेटं द्यायची यावर भांडण केलं, ते वेगळं. राजानं काही ती कधी डोळ्यानं पाहिली नाही. पुढं सांभाळायचा खर्च जड व्हायले लागला, तर सालाचे दहा पौंड घेऊन कंपनीले देऊन टाकली." भाऊनं कप उचलला. "मी तर उरल्याचा माणूस. याहून जास्त काय देऊ?"

आत्या मुलाच्या वडिलांकडं पाहत होत्या. वडिलांनी शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले,

"मुंबई आहे आमच्याकडे. घरात मुलगी नाही."