आत्यावर गेलेली

आम्ही दोघी बहिणी आईच्याच दुकानात कपडे शिवतो. कापडाला हात लावताच त्याचा पोत ओळखायची आईची बोटं धाकटीला आयती मिळाली. मी सुया टोचून घेत शिकले. आईचे दाट केस, आईचा गळा, आईचं हसू, सगळं तिच्याच वाट्याला. मला बघून लोक म्हणायचे, "ही आत्यावर गेली." आत्याचं नाक तेवढं प्रसिद्ध होतं.

आई कर्करोगानं गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा दोष जनुकांतून मुलांकडे येऊ शकतो. दोघीही रक्त तपासून घ्या." सुई बघून धाकटी मागे सरकली. मी म्हटलं, "हात पुढे कर, लाडूबाई! घरात पहिला मान तुझाच."

रिपोर्ट आले. दोष तिच्यात निघाला, माझ्यात नाही. आजार अजून झालेला नव्हता, पण त्याची चाहूल लागते का हे बघायला तिला आता वरचेवर तपासण्या करायच्या होत्या. ती रडायला लागली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली? परत बघा. तो दोष माझा असेल!"

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. धाकटी माझ्या गळ्यात पडली. "ताई, माझं दुखणं स्वतःवर घ्यायला निघालीस?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताला आईचेच केस लागत होते. मेला, एवढा दोष तरी आईनं मला द्यायचा होता.