दोन तिकिटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा-दोनदा ओठांवर आलं होतं — मग चहा गार होतोय म्हणून विषय बदलला. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर आणखीच बरं.

मी बेळगावात एका शाळेत मराठी शिकवते. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कशाचा निषेध करायचा झाला की मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, "बाईंना सांगा, बाई झणझणीत लिहितात." आणि मला ते आवडतं, हेही कबूल करून टाकते.

पण मला एक कानडी नट फार आवडतो. कॉलेजात होते तेव्हापासून. आता तो पन्नाशीला आलाय, केस रंगवतो ते दिसतं, तरी आवडतो. आमच्याकडं यात नवल काही नाही. भाजी कानडीत घ्यायची आणि घरी येऊन तिच्या भावावरून मराठीत कुरकुरायचं, असंच चालतं. पण चार वर्षांमागं तो नट कुठल्याशा कार्यक्रमात सीमाभागातल्या मराठी माणसांबद्दल वेडंवाकडं बोलला. ती क्लिप दुपारपर्यंत उद्यमबागेतल्या कारखान्यांपासून बेळगुंदी गावच्या पारापर्यंत पोचली. गल्लीनं ठरवलं, त्याचा नवा सिनेमा कुणी बघायचा नाही. मजकूर मीच लिहिला — "जो थिएटरची पायरी चढेल, तो आपला नव्हे." खाली अंगठ्यांचा पाऊस पडला.

आणि तरीही मला तो सिनेमा बघायचा होता. सांगा, काय म्हणायचं असल्या बाईला?

बेळगावात शक्यच नव्हतं. निपाणीत मावशी राहते, तिला भेटून येते म्हणून घरी सांगितलं. एकटीला धीर होईना, म्हणून शेजारच्या शांताक्काला गळ घातली. आक्काचं माहेर गोकाककडचं, बोली कानडी. आमच्या गल्लीत लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली. माझ्या मुलीला पहिली अंघोळ घातली ती तिनंच. तिला सिनेमाची काडीची आवड नाही. "मला झोप येतीया गं तितं," म्हणाली — आणि आली. थिएटरपाशी मी ओढणीनं तोंड बांधून कोपऱ्यात उभी राहिले आणि तिला रांगेत धाडलं. सिनेमा सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत ती खरंच झोपली. मी मात्र शिट्टी वाजवायची तेवढी बाकी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. गल्लीतल्या कुणाच्या तरी निपाणीच्या पाहुण्यानं काढलेला. रांगेतून बाहेर पडणारी आक्का, हातात दोन तिकिटं. खाली एकेकजण सुरू झाला. मग कुणीतरी विचारलं — बाई गप्प का?

इथंच मी दर वेळी अडखळते. आज लिहिते.

मी लिहिलं, "तीस वर्षं इथलं मीठ खाऊनही काहींचं माहेर सुटत नाही."

मीच. जिनं तिला नेलं होतं, तिनंच. लिहिताना एक शब्दही खोडला नाही. विरामचिन्हंसुद्धा बरोबर होती.

आमच्या गल्लीत गणपतीच्या पहिल्या आरतीचं ताट दर वर्षी एका घराकडं असतं, ओळीनं. त्या वर्षी पाळी आक्काची होती. तिला कुणी नाही म्हटलं नाही, नुसते मंडळाचे लोक मानाचा नारळ घेऊन तिच्या दारावरून पुढं गेले. पुढचं घर माझं. नारळ मी घेतला.

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी आक्का आली. वाटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं होतं तिनं. तिच्या हातात पितळी ताट होतं, चिंचेनं घासून लख्ख केलेलं — स्वतःच्या पाळीसाठी. "तुझं ताट लई काळं पडलंय, हे घे," म्हणाली. मला रडू फुटलं. सगळ्यांना खरं सांगते, म्हणाले मी. तर म्हणाली, "कुणाला काय सांगू नगं. तू शाळंत शिकवतीस, पोरं तोंडावर हसतील. मला कोण काय करतंय? चुलीवर आमटी हाय, जाते."

आणि मी सांगितलं नाही. तिनं नको म्हटलं म्हणून? छे. मला ते सोयीचं होतं म्हणून.

आरतीला ती सगळ्यांच्या मागं उभी होती. सगळ्या आरत्या तिला पाठ आहेत, एकही कडवं न चुकता. पुढं त्या नटानं माफी मागितली, गल्लीनं त्याला माफही केलं. गेल्या दिवाळीत अध्यक्षांच्याच घरी टीव्हीवर त्याचा सिनेमा लागला होता. आक्काची पाळी मात्र आता पुन्हा सगळी घरं फिरून झाल्यावर.

वर्गात मुलं मला बघून उठून उभी राहतात, ती आक्का गप्प राहिली म्हणून. मुलीला टायफॉईड झाला तेव्हा उशाशी तीच बसली होती. सकाळी भिंतीपलीकडून ती देवाशी कानडीत बोलताना ऐकू येते आणि माझा जीव भरून येतो. असली शेजारीण मला कशी मिळाली, कळत नाही. मिळाली, एवढं खरं. तिचे उपकार आहेत माझ्यावर, आणि हे मी तिच्या तोंडावर एकदाही म्हटलेलं नाही.

ताट तिनं कधी परत मागितलं नाही. आज ते घासून ठेवलंय, हे लिहून झालं की घेऊन जाईन. आणि हा मजकूर आधी गल्लीच्या ग्रुपवर टाकेन. तो फोटो अजून तिथंच आहे, वर सरकवत गेलं की सापडतो. आक्काच्या हातात दोन तिकिटं आहेत. दुसरं कुणाचं, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

दोन्ही माझीच होती.