करवंदाचं कुंपण

नव्या कुंपणासाठी केलेल्या माझ्या यादीतल्या ‘लहान फाटक – एक’ या ओळीवर मॅडमनी लाल पेनानं काट मारली.

“फाटक नको. करवंदं सलग लावा.”

“मग आम्ही यायचं-जायचं कुठून?”

“मागून आहे ना वाट. समोर पाहुणे बसतात, बाई. तुमची आई दारात बसलेली, वर तो निळा झेंडा. बरं दिसत नाही.”

धरमपेठेतल्या त्या बंगल्याची बाग, किराणा, कामाची माणसं, अकरा वर्षं सगळं मी सांभाळलं. आईला आणि मला राहायला आवारातलीच एक खोली; नवं कुंपण तिच्याच दारासमोरून जाणार होतं. मागची वाट म्हणजे नाल्याची कड आणि भिंतीचं खिंडार. आईचे दोन्ही गुडघे गेलेले.

करवंद हे मॅडमच्या माहेरचं, कोकण किनाऱ्याकडचं रानझुडूप. इथल्या उन्हातही तगतं. दाट वाढलं की मांजरसुद्धा आरपार जात नाही. हे मीच त्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

बागेतल्या जुन्या रांगेची करवंदं दर उन्हाळ्यात मी तोडायची. काटे लागायचे, बोटं चिकानं चिकट व्हायची. टोपली बंगल्याच्या पायरीवर ठेवायची. मॅडम वरून पाणी ओतायच्या, मग उचलायच्या. आंब्यांचंही तेच. चीक धुतात, असं मी स्वतःला समजावलं. वहीत लिहूनही ठेवलं : टोपली पायरीवरच ठेवणे. सुवाच्य अक्षरात. त्याची लाज अजून जात नाही.

काट मारल्यावरही मी खड्डे आखले. दीड फुटावर एक. खोली जाईल ही भीती. तीन दिवस रोपं लावली. शेवटचे दोन खड्डे राहिले, तेव्हा आई दारातून म्हणाली,

“काहून वं, मले कोंडून राहिली का तू?”

पहार माझ्याच हातात होती.

ती खाली टाकली. पायरी ओलांडून थेट दिवाणखान्यात गेले. पाहुणे बसले होते.

“दोन रोपं लावणार नाही. तिथे फाटक होईल.”

“मग खोली सोडा.”

“सोडते. समोरूनच जाईन.”

त्याच फटीतून निघालो. पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरून, आईच्या पावलानं, सावकाश. झेंडा आईच्या हातात.

आता बुटीबोरीला पत्र्याच्या खोलीत राहतो. उकडतं. बागांची कामं घेते. आराखडा हातात आला की आधी दार शोधते, त्या घरात राबणाऱ्यांचं. ते नसेल, तर पहार उचलत नाही.