भाऊजींचं डावं पेडल

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, स्वस्थ बसलेले कुणी पाहिलेले नाहीत. लग्नाच्या अल्बममध्ये ताई प्रत्येक फोटोत लख्ख दिसते आणि शेजारी भाऊजी पुसट, कारण फोटोग्राफरने बटण दाबलं की हे नेमके हललेले. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ती निदान जेवताना तरी बसतात. भाऊजी तोंडात घास घेऊन खिडकीपर्यंत जाऊन येतात.

फक्त कारखान्यात ते एका जागी उभे राहत. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते लेथवर टर्नर होते. "तिथे यांच्याऐवजी लोखंड फिरतं ना," ताई म्हणायची. मग त्यांचे डोळे जायला लागले. आधी कडेचं दिसेना, मग संध्याकाळी चाचपडायला लागले, शेवटी समोर धरलेली स्वतःची बोटंही दिसेनाशी झाली. मशीन सुटलं. रोज सकाळी गावाबाहेर पिटाळायची ती सायकलही सुटली. घराच्या दोन खोल्यांत ते इतक्या येरझाऱ्या घालत की खालच्या मजल्यावरचे मास्तर वर येऊन विचारून गेले, घरात कुणी आजारी आहे का.

यावर उपाय ताईने काढला. ती लाँड्रीच्या काउंटरमागे बसून लोकांचे कपडे उसवून लहान-मोठे करून देते. घाई तिच्या स्वभावातच नाही. पण तिने दोघांनी मिळून चालवायची लांबलचक सायकल आणली आणि मैदानात धडपडून शिकली. पुढे ती, तिच्याकडे हँडल आणि ब्रेक. मागे भाऊजी, त्यांच्याकडे नुसते पाय. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे माझ्या मागून येताहेत," असं तिने मला ऐकवलं.

आपल्या सायकलची जुनी पेडलं काढून भाऊजींनी ती ताईच्या बाजूला बसवली आणि स्वतःसाठी नवी घेतली. "जुनी तुला," ते तिला म्हणाले, "कारण त्यांची मला खात्री आहे."

ही पेडलं साधी नव्हेत. बुटाच्या तळाला दोन स्क्रूंनी एक लोखंडी पट्टी बसवलेली असते. पाय दाबला की ती पेडलच्या जबड्यात टक्‌ करून अडकते, आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. यांना म्हणे क्लिपलेस, म्हणजे बिनक्लिपची, म्हणतात. पाय धरून ठेवणाऱ्या वस्तूला हे नाव ठेवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. थांबायचं झालं की ताई ओरडायची, "काढते!" मग टक्‌, मग तिचा डावा पाय जमिनीवर. भाऊजी मागे तसेच अडकलेले, तिच्या पायाच्या भरवशावर.

ती पेडलं माझी भाची शाळेत जाण्याआधीची आहेत. एवढी टिकली कारण भाऊजींनी त्यांची तान्ह्या मुलासारखी निगा राखली. सुट्टीच्या दिवशी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, जुन्या टूथब्रशने जबड्यातली माती काढायची, स्प्रिंगला थेंबभर तेल द्यायचं, जास्तीचं पुसून घ्यायचं, कारण जास्त तेल माती ओढतं. वर्षातून एकदा आस बाहेर काढून जुनं ग्रीस पुसायचं, नवं भरायचं, मग पेडल कानाशी धरून फिरवायचं. खर्र झालं की पुन्हा उघडायचं. मी एकदा मदतीला गेले आणि सोडवायचं ते डावं पेडल जोर लावून आणखी आवळून ठेवलं, कारण डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हे मला कोण सांगणार? "मेव्हणीबाई," भाऊजी म्हणाले, "तुमचा जोर तुमच्या तोंडातच शोभतो." तेव्हापासून मी दुरूनच नाक खुपसते.

आणि तेच डावं पेडल एका सकाळी सुटलं नाही.

चौकात लाल दिवा होता. ताईने ब्रेक दाबला, "काढते!" म्हणाली, आणि टक्‌ झालंच नाही. सायकल डावीकडे कलली, दोघं तिच्यासकट आडवी. मागून येणारी बस भाऊजींच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली. भाऊजींना नुसता ब्रेकचा आवाज आला. ताईने बस पाहिली. लोक धावले. कुणीतरी बुटाचे पट्टे सोडून ताईचा पाय बाहेर काढला, बूट पेडललाच लटकून राहिला. शेवटी कोपऱ्यावरच्या फळवाल्याने हिसडा मारून तो ओढून काढला आणि दोन्ही बूट पिशवीत घालून, बातमी कळताच धावत आलेल्या माझ्या हातात दिले.

भाऊजींचं खरचटण्यावर निभावलं. ताईच्या मनगटाला प्लॅस्टर.

मनगट बरं व्हायला लागलं, ताई होईना. मी तिचे केस विंचरून देत होते तेव्हा ती आरशात न बघता म्हणाली, "माझा पायच वळला नाही गं. घाबरले आणि गोठले. यांना घेऊन पडले मी. आता यांना मागे नाही बसवणार."

"तू वळवलास की नाही, आठवत नाही का?"

"वळवला असता तर सुटला असता ना!" ती माझ्यावरच खेकसली.

बाहेरच्या खोलीत भाऊजींनी हे ऐकलं. आणि तेव्हापासून त्या पेडलच्या मागे ते हात धुवून लागले. सकाळी उघडायचं, दुपारी जोडायचं, चहा झाला की पुन्हा उघडायचं. स्प्रिंग बोटांनी दाबून बघायची, जबड्याची धार अंगठ्याने चाचपायची, आस हलवून बघायचा. काही नाही. पेडल ठणठणीत. मला आधी हसू आलं, मग राग आला, कारण मेजावरच्या पांढऱ्या कापडावर काळे पंजे उमटले होते. मग एकदा त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि मला उमगलं. पेडल चांगलं ठरलं की ताईचा पाय वाईट ठरत होता. म्हणून त्या माणसाला आपल्या लाडक्या पेडलमध्ये काहीतरी बिघडलेलं हवंच होतं.

आणि बिघडलेलं काही सापडत नव्हतं. ते उठायचे, दाराकडे जायचे, परत यायचे, भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या मागच्या सीटवर हात ठेवायचे, तिथूनही निघायचे. ताई आत वळकटीसारखी पडून. एक जण क्षणभर थांबत नाही आणि दुसरी जागची हलत नाही. त्या घरात गेलं की माझाही जीव गुदमरायचा.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी ताई मला म्हणाली, "दारामागची ती बुटांची पिशवी घेऊन जा. कुणाला होतील त्याला दे."

मला पटलं नाही, पण तिच्याशी वाद घालण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी पिशवी खुंटीवरून काढली आणि दरवाजाकडे निघाले. भाऊजी नेहमीप्रमाणे येरझाऱ्या घालत होते, मधेच थबकले.

"ते काय वाजतंय?"

"बूट आहेत. ताईचे."

"बूट वाजत नाहीत. पुन्हा हलवा."

मी हलवली. आत काहीतरी बारीक खुळखुळलं. भाऊजींनी पिशवी माझ्या हातातून जवळजवळ ओढलीच. डावा बूट काढला, उलटा केला आणि तळावर अंगठा फिरवला. पट्टी अंगठ्याबरोबर फिरली. घड्याळाच्या काट्यासारखी, गोल. एका स्क्रूची जागा रिकामी होती, दुसरा सैल, म्हणून ती खुळखुळत होती.

मला काही कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे तिने टाच वळवली, बूट वळला, आणि पट्टी पेडलमध्ये जिथल्या तिथे राहिली. पट्टी वळल्याशिवाय जबडा सोडत नाही." त्यांनी बूट माझ्यापुढे धरला. "हा पाय कुणालाच काढता आला नसता. मलाही नाही."

मग ते मटकन खाली बसले आणि कपाळाला हात लावला. त्या घरात सायकल भाऊजी पुसायचे आणि बूट ताई धुवायची. इतक्या वर्षांत पेडलच्या बेअरिंगमधल्या प्रत्येक गोळीला ग्रीस लावणाऱ्या माणसाने त्याच पेडलमध्ये अडकणारे दोन स्क्रू कधी हात लावून पाहिले नव्हते, कारण ते बुटाला होते. आणि ताई बूट चकचकीत धुवायची, स्क्रूंकडे बघायची नाही, कारण तिच्या लेखी ते सायकलचे होते.

"सांगा तिला," मी म्हटलं.

भाऊजी बूट घेऊन आत गेले. मी दाराशी उभी राहिले. मी अशी वेळ सोडणाऱ्यांतली नाही.

"तू पाय वळवला होतास," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी नुसतं पेडलच बघत राहिलो." आणि तिचं बोट धरून त्यांनी त्या सैल पट्टीवर ठेवलं.

ताईने पट्टी फिरवली. पुन्हा फिरवली. मला वाटलं, आता रडेल. ती भडकली. "आणि इतके दिवस मी स्वतःला खात होते! मला वाटलं, मी म्हातारी झाले!" तिने बूट भाऊजींच्या छातीवर आपटला, मग तिथेच कपाळ टेकलं आणि मग रडली. भाऊजींचा ग्रीसचा हात तिच्या पाठीवर. ब्लाउजवर पंजा उमटला तो अजून गेलेला नाही.

नवे स्क्रू ताईनेच आवळले. मनगट कच्चं होतं म्हणून बूट भाऊजींनी धरला. भाऊजी म्हणाले, "आणखी थोडं." ताई म्हणाली, "मला कळतं. बुटाचं यापुढे मी बघणार."

तरी सायकल बाहेर निघायला वेळ लागला. ज्या सकाळी निघाली तेव्हा मी त्याच चौकापर्यंत त्यांच्यामागे धावत गेले, माझं वय आणि वजन विसरून. ताई प्रत्येक कोपऱ्यावर थांबत होती, गरज असो वा नसो. पाय काढायचा, टेकवायचा, पुन्हा अडकवायचा. आता भाऊजी वैतागणार, असं मला वाटत होतं. ज्यांना चहा निवेपर्यंत धीर नाही, त्यांना हे कसं सोसवेल?

चौक आला. लाल दिवा. मागे बस होती.

"काढते!" ताई ओरडली.

टक्‌.

तिचा पाय जमिनीवर टेकला. सायकल उभी राहिली. मी धापा टाकत शेजारी पोचले, भाऊजींकडे पाहिलं. दिवा बराच वेळ लाल होता. भाऊजींचे दोन्ही पाय पेडलांत अडकलेले होते, हात मांडीवर होते, आणि दिवा हिरवा होईपर्यंत ते जराही हलले नाहीत.