दारूवर दारूचाच उतारा

वर्गातल्या सगळ्या मुली एकोणीस-वीस वर्षांच्या आणि ही चाळिशीला टेकलेली; त्यामुळे पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘काकू’ पडलं, ते कायमचं. उमेदीची वर्षं तिने रुग्णालयात आया म्हणून काढली होती. रोग्याला कुशीवर वळवण्यात, रडणाऱ्या नातेवाइकांना धीर देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र असतं, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. फळ्यावरचे षटकोन पाहिले की तिला गरगरायचं. पहिल्याच चाचणीत ती सपशेल आपटली.

वर्ग सुटल्यावर सर म्हणाले, “काकू, तुम्ही नुसतं पाठ करताय. कोण कुणाला जाऊन चिकटतं आणि सुटताना काय होऊन सुटतं, एवढंच बघा.”

“माणसांचं कळतं हो सर. रेणूंचं कसं कळणार?”

“माणसांसारखंच.”

तेव्हापासून ती भाजी चिरतानाही पुटपुटत असे. धाकटा दीर तिची चेष्टा करी. तो लाकडी सामानाला पॉलिश करायचा. हात कसबी, पण संध्याकाळ झाली की घशाला कोरड.

“वहिनी, माझा रेणू कुठला?”

“दारूतला इथाइल. आणि तोच तुम्हाला एक दिवस नडणार, भाऊजी.”

नडला मात्र त्या रेणूचा सख्खा भाऊ.

एका रविवारी दुपारी दीर भिंत धरत स्वयंपाकघरात आला. पोट दाबून धरलेलं, श्वास जोरजोरात चाललेला.

“वहिनी, बाहेर धुकं पडलंय का? सगळं पांढरंच दिसतंय.”

बाहेर लख्ख ऊन होतं.

सासूबाई म्हणाल्या, “कालची उतरली नाही अजून. झोपू दे त्याला.”

काकूने हातातलं ताट खाली ठेवलं. “काल काय प्यायलात?”

“नेहमीचंच.”

“भाऊजी, खरं सांगा.”

त्याने मान खाली घातली. बाटली संपली, दुकानं बंद झालेली. मग त्याने आणि त्याच्या मित्राने पॉलिशचं स्पिरिट पाण्यात मिसळून घेतलं होतं.

काकूला फळ्यावरचा रेणू आठवला: मिथाइल. सरांनी शिकवलं होतं: ते पोटात गेल्यावर यकृत त्याचं आम्ल करतं, आणि ते आम्ल आधी डोळ्यांवर उठतं. तिने नवऱ्याला मित्राच्या घरी पिटाळलं आणि स्वतः दिराला रिक्षात घातलं.

रुग्णालयात तिने ‘स्पिरिट’ आणि ‘पांढरं दिसतंय’ एवढंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पुढचं ऐकायलाही वेळ घालवला नाही. रक्त तपासायला गेलं, रक्त शुद्ध करायच्या यंत्राची तयारी सुरू झाली. नेमकं औषध साठ्यात नव्हतं, म्हणून त्यांनी मोजून शुद्ध इथाइल अल्कोहोल नाकातल्या नळीतून द्यायला सांगितलं.

ते कळताच सासूबाई उसळल्या. “दारूने पोराचा जीव जायची वेळ आली, आणि तुम्ही नळीने दारूच पाजताय?”

काकूने त्यांना बाकावर बसवलं. “आई, न्हाव्याकडे खुर्ची एकच आहे असं समजा. यकृतातलं एन्झाइम म्हणजे तो न्हावी. स्पिरिट त्या खुर्चीत बसलं तरच त्याचं विष होतं. इथाइल त्याचं आवडतं गिऱ्हाईक, त्याला तो आधी बसवतो. स्पिरिट बाहेरच ताटकळत राहतं, तोवर यंत्र त्याला हाकलून देतं.”

सासूबाई म्हणाल्या, “न्हावी पक्का आहे ना?”

दीर वाचला. डाव्या डोळ्याची नजर मात्र गेली ती गेलीच, उजव्याने अंधुक दिसतं. आता तो पॉलिश करत नाही. बोटांनी चाचपून लाकूड घासून देतो. दारू सुटली, मध्ये दोनदा पाय घसरून.

मित्र अंथरुणातच पडून राहिला होता. “उठवू नका,” असं घरच्यांना बजावून झोपला होता. त्याला आणलं तेव्हा उशीर झाला होता.

वार्षिक परीक्षेत काकू रसायनशास्त्रात काठावर पास झाली. पेढे वाटले नाहीत. काही दिवसांनी त्या मित्राची बायको दारात आली.

“त्याला सकाळीच आणलं असतं तर?”

“वाचला असता कदाचित,” काकू म्हणाली. “तुम्हाला कळायला मार्ग नव्हता.”

दोघी उंबऱ्याशी बसून राहिल्या. चहा झाला. उठताना काकूने विचारलं, “माझी आयाची जागा रिकामी आहे. शब्द टाकू का?”

बाईने डोळे पुसले आणि कामाच्या वेळा विचारल्या.