तुकाबाईची रिकामी किटली

उरवड्यात रंभाबाईंच्या चाळीत सहा खोल्या आहेत आणि सहाही खोल्यांत काय शिजतंय हे रंभाबाईंना झाकण न उघडता कळतं. अशा रंभाबाईंना चार नंबरच्या खोलीतली म्हातारी रोज सकाळी रिकामी किटली घेऊन कुठं जाते, हे तब्बल आठ दिवस कळलं नाही. चाळीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

ही म्हातारी म्हणजे तुकाबाई मरगळे. वय एकसष्ट. सगळा जन्म कोळवणच्या वर, माथ्यावरच्या पाच घरांच्या धनगरवाडीत शेळ्यांमागं गेलेला. नवरा मागंच गेला. मुलगा सिद्धनाथ उरवड्यात कारखान्यात कामाला, म्हणून ही भाड्याची खोली. खोलीत तुकाबाई आली ती हौसेनं नाही. भातलावणीच्या दिवसांत तिला न्यूमोनिया झाला. वर रस्ता नाही. घोंगडीची झोळी करून ती बांबूला टांगली आणि चौघांनी तिला निसरड्या वाटेनं खाली आणलं. अडीच तास लागले. पुढचं टोक सिद्धनाथच्या खांद्यावर होतं. झोपेतही शेळ्यांना शिव्या घालणारी आई त्या अडीच तासांत एक शब्द बोलली नाही. ते गप्पपण त्याच्या मनात जे बसलं ते बसलंच.

दवाखान्यातून सुटली, पण नळापर्यंत गेली तरी धाप लागायची. सिद्धनाथ म्हणाला, "आये, आता तू हितंच ऱ्हायचं. शेळ्या इकून टाकू. व्यापारी बगून गेलाय."

चौतीस शेळ्या तेव्हा वर तिचा दीर गेणू सांभाळत होता.

"आन् मी हितं काय करू? भिंती चारू?"

"परत झोळी करायची वेळ आली तर खांदा द्यायला मानसं कुटं हायेत वर? सगळी कंपनीत."

तुकाबाईनं सरळ भांडण काढलं. दोन दिवस चाललं. शेवटी सिद्धनाथ म्हणाला, "भातकापनीला वर जाऊ. तुज्या पायानं चढ. वाटंत येकदा जरी मला हात द्यावा लागला, तर तितनंच व्यापाऱ्याला फोन लावनार."

"लाव. मी हात मागितला तर लाव."

दवाखान्यातली ज्ञानदा डॉक्टरीण वयानं तिच्या नातीएवढी. ती म्हणाली, "मावशी, फुफ्फुसं बरी झालीत. आता दम कमवायचा. रोज चालायचं, पण बेतानं. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटलं तर समजायचं, जास्त झालं. मग चाल कमी करायची. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग दर आठवड्याला थोडी वाढवायची. चढ अगदी शेवटी."

"बोलायचं? औषिद म्हनून?"

"औषध म्हणूनच."

सिद्धनाथनं कपाळाला हात लावला. या औषधाची कमतरता घरात कधीच नव्हती.

आता खरी अडचण पाहा. बाईमाणूस कामाशिवाय मोकळ्या हातानं रस्त्यानं चालू लागलं की चार खिडक्या उघडतात. एकसष्ट वर्षांत तुकाबाई नुसतं चालायचं म्हणून कधी चालली नव्हती. लाज वाटली. म्हणून तिनं हातात विळा घेतला, ओढ्याकाठचं गवत कापलं आणि भारा डोक्यावर घेऊन परतली. चाळीत शेळी नाही, म्हैस नाही. भारा गुपचूप शेजारच्या गोठ्यात टाकला. भारा डोक्यावर असला की बाई तोंड मिटून झपाझप चालते, तशी ती चालत होती. आठव्या दिवशी ओढ्याच्या पुलावर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती कठड्याला धरून खाली बसली.

डॉक्टरीण चिडली. "डोक्यावर काय होतं?"

"गवात."

"कुणासाठी?"

"लोकांसाठी," तुकाबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं.

भारा बंद झाला. पण मोकळ्या हातानं जायला जीव धजेना, म्हणून किटली आली. किटली हातात असली की बाई दुधाला निघाली असं दिसतं. दोन नंबरच्या खोलीत मनीष राहतो, हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. त्यानं मात्र सगळ्या चाळीला सांगून टाकलं, "जाताना रिकामी, येताना रिकामी. मधे काय होतं ते विचारू नका. हातभट्टी आहे."

हे ऐकून रंभाबाई नवव्या दिवशी स्वतः मागावर निघाल्या. त्यांना साखरेचा आजार, गुडघे धरलेले. त्यांचा डॉक्टरही पाच वर्षं चाला म्हणत होता. पण पूर्वी त्या शेतावर जायच्या. शेत विकलं, मग चालत जायचं कुठं? पुलावर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"तुकाबाई, किटलीत काय गं?"

तुकाबाईनं झाकण उघडून दाखवलं. "वारा."

मग तिनं सगळं सांगितलं. झोळी, शेळ्या, पैज, डॉक्टरीण. रंभाबाई जराशा हिरमुसल्या, कारण हातभट्टी निघाली असती तर दिवाळीपर्यंत बोलायला पुरली असती. पण बोलत चालायचं, हे औषध त्यांना पहिल्या फटक्यात पटलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघी निघाल्या. चाल रंभाबाईंची, म्हणजे गाभण म्हशीची. तुकाबाईला आधी कसंतरीच व्हायचं, पाय आपोआप पुढं पळायचे. तिचं वाक्य तुटलं की रंभाबाई पदर ओढायच्या. "तुटलं. मागं ये." घड्याळ दोघींकडे नव्हतं. मापं गोष्टींची होती. पुलापर्यंत तीन नंबरमधल्या सुनेचं भांडण पुरायचं. पुढं देवळापर्यंत जायला सरपंचाच्या जावयाची भानगड लागायची. आणि देवळामागच्या टेकडीचा चढ मोठा, त्याला जयसिंगची गोष्ट.

जयसिंग हा रंभाबाईंचा पुतण्या. जमिनीच्या पैशातून त्यानं घरात चालायचं यंत्र आणलं, एका जागी उभं राहून मैलभर चालायचं ते. चार दिवस चालला, मग त्यावर कपडे वाळत पडले. मग एके दिवशी बायको रजनी माहेरी गेली आणि यंत्रही गायब झालं. का आणि कसं, हे रंभाबाईंकडून ऐकलेलं तुकाबाईनं त्यांनाच परत सांगत टेकडी चढायची. नवरात्रात तुकाबाईचं वाक्य नऊ ठिकाणी तुटायचं. दिवाळीला एकदाच तुटलं, तेही रंभाबाईंनी मधेच हसवलं म्हणून.

भातकापणीला सिद्धनाथनं तिला मोटारसायकलवर कोळवणच्या पायथ्याशी नेलं. खाचरांत बाया भात कापत होत्या, सगळ्या ओळखीच्या. एकजण ओरडली, "तुकाबाई आली का गं परत? चढवतंय का?"

झालं. बघणारे डोळे दिसले आणि आठ आठवड्यांचं शहाणपण खाचरात पडलं. तुकाबाई जुन्या धनगरी चालीनं सुटली. वळणापर्यंत बाया बघत होत्या, तिथपर्यंत एक पाऊल कमी केलं नाही.

वळणापलीकडे सिद्धनाथला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं. आई बोलत नव्हती. झोळीतलं तेच गप्पपण. तिचे ओठ काळसर झाले होते. त्यानं हात पुढं केला. दुसरा हात खिशातल्या फोनवर होता, हेही खरं.

तुकाबाईनं त्या हाताकडे पाहिलं. मग रंभाबाईंसारखी पावलं टाकू लागली. एक टाकलं, थांबल्यासारखं केलं, दुसरं टाकलं.

"जयसिंगनं," ती म्हणाली. श्वास. "यंत्र." श्वास. "आनलं."

"आये, बोलू नको, दम लागलाय."

"त्यासाटनंच बोलतीय."

अजून हळू. इतकं हळू की खालच्या बायांनी पाहिलं असतं तर तोंडाला पदर लावले असते. करवंदीच्या जाळीपाशी तीन शब्द एका श्वासात आले. सपाटीवर अर्धं वाक्य आलं. पुढच्या चढाला रजनी, सासू आणि वाळत घातलेली धोतरं सगळी एका दमात आली. सिद्धनाथचा हात कधी खाली गेला त्याचं त्याला कळलं नाही. दिवसभर मशीनपुढं उभा राहणारा गडी, त्यालाच आता धाप लागली होती.

"मग यंत्र गेलं कुटं?" त्यानं विचारलं.

"वर गेल्यावर सांगते. चल."

माथ्यावर पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. पूर्वी ती तासात चढायची. गेणू अंगणात उभा होता. "वैनी, लई उशीर केला?"

"व्हय. तुला कुटं गाडी गाठायचीय?"

शेळ्यांनी आवाज ओळखला. काळी लंगडी शेळी पुढं येऊन तिच्या लुगड्याचा काठ चावू लागली. दगडावर बसलेल्या सिद्धनाथला ती म्हणाली, "रजनी माहेरी गेली ती यंत्र टेम्पोत घालून. घरात तीच येकटी त्याच्यावर चालत व्हती. पाटंचं, कुनी उटायच्या आत."

फोनला रेंज मिळते त्या कातळावर सिद्धनाथ गेला. व्यापाऱ्याला म्हणाला, "न्हाई, शेळ्या द्यायच्या न्हाईत." मग रंभाबाईंना फोन लावून आईच्या हातात दिला.

"किती तुटली?" रंभाबाईंनी विचारलं.

"खाली लई. वर येकबी न्हाई."

मग रंभाबाई म्हणाल्या, "तुझी किटली इथंच राहिलीय."

"ऱ्हाऊ दे. तुमाला लागंल."

हल्ली रोज सकाळी तुकाबाई शेळ्या घेऊन त्या कातळावर येते आणि सिद्धनाथनं दिलेल्या फोनवरून रंभाबाईंना हाक मारते. त्याच वेळी उरवड्यात रंभाबाई पुलाकडे निघतात, एका हातात फोन, दुसऱ्या हातात रिकामी किटली. मनीषनं चाळीला सांगितलंय, धंद्यात आता मालकीणही उतरली.